व्याल्यानंतर गाय बसली : कॅल्शियम कधी द्यावे, कसे द्यावे आणि कधी देऊ नये?

कृष्णाकाठचा_गोठा (ता. वाळवा, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या गोठ्यात आठ संकरित होल्स्टिन गायी, एक जर्सी आणि दोन मुऱ्हा म्हशी आहेत. मागच्या आठवड्यात आमची जर्सी गाय चौथ्या वेताला पहाटे व्याली. वासरू ठणठणीत होते, वारही दुपारपर्यंत पडली, आणि सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे कास पूर्ण मोकळी करून साधारण नऊ लिटर चीक काढला. संध्याकाळी गाय मागच्या पायांवर डुलू लागली आणि रात्री नऊच्या सुमारास जी बसली ती उठेना. तिने मान पोटाकडे वळवून ठेवली होती, कान बर्फासारखे थंड पडले होते आणि नाकपुडी कोरडी ठणठणीत झाली होती. डॉक्टर तासाभरात आले, त्यांनी शिरेतून कॅल्शियम लावले आणि बाटली संपता संपता गायीने ढेकर दिली, शेण टाकले आणि अर्ध्या तासात ती उभी राहिली.

गाय वाचली याचा आनंद आहेच, परंतु माझा प्रश्न वेगळा आहे. ही गाय आटवल्यापासून, म्हणजे तिचे दूध काढणे बंद केल्यापासून जवळजवळ दोन महिने, मी तिला रोज शंभर मिली पातळ कॅल्शियम न चुकता पाजत होतो. दुकानदाराने सांगितले होते की गाभण काळात जितके कॅल्शियम साठेल तितकी गाय व्याल्यावर बसण्याची भीती कमी. इतके कॅल्शियम पोटात गेलेल्या गायीच्या रक्तातच कॅल्शियम कमी कसे पडले? आणखी एक गाय पाच आठवड्यांनी व्यायची आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

पशुवैद्य_कराड

आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे आणि त्याचे उत्तर ऐकून आपल्याला कदाचित धक्का बसेल : गाय बसण्यामागे ते दोन महिन्यांचे कॅल्शियम हेच एक कारण असू शकते.

गायीच्या रक्तात एका वेळी असणारे एकूण कॅल्शियम फार थोडे, तीन ग्रॅमच्या आसपास असते. एक लिटर दुधातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते, तर चिकातून लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक जाते. म्हणजे आपण सकाळी जो नऊ लिटर चीक काढला, त्यातून रक्तातील साठ्याच्या सहापट कॅल्शियम एका धारेत बाहेर पडले. ही तूट भरून काढण्यासाठी गायीकडे दोनच मार्ग असतात : हाडांतून कॅल्शियम सोडवून घेणे आणि आतड्यातून अधिक शोषून घेणे. हे दोन्ही मार्ग गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे आणि ड जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपामुळे उघडतात, आणि ते पूर्ण वेगाने चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

आता भाकड काळाचा विचार करा. त्या काळात दूध नसल्याने गायीची गरज कमी असते. अशा वेळी रोज भरपूर कॅल्शियम आयते मिळत राहिले की ती ग्रंथी सुस्तावते, हाडे कॅल्शियम सोडण्याची सवय विसरतात आणि आतडेही आळसावते. व्याल्याच्या दिवशी मागणी एकाएकी अनेक पटींनी वाढते आणि यंत्रणा जागी होईपर्यंत गाय बसलेली असते. साठा कितीही असला तरी त्याचे दार वेळेवर उघडावे लागते. जर्सी जातीत आणि तिसऱ्या वेतापुढील कोणत्याही जास्त दुधाच्या गायीत हे अधिक घडते, कारण वयाबरोबर हाडांतून कॅल्शियम सुटण्याचा वेग आणि आतड्याची ड जीवनसत्त्वाला मिळणारी साथ दोन्ही मंदावतात. पहिलारू कालवड या आजाराने सहसा बसत नाही.

आणि एक गोष्ट येथेच सांगतो, कारण नावामुळे फार गोंधळ होतो. या आजाराला आपण दुग्धज्वर किंवा मिल्क फिव्हर म्हणतो, पण यात ताप नसतो. उलट शरीर थंड पडते. बसलेल्या गायीला १०४ अंश ताप असेल तर तो दुग्धज्वर नव्हे. कासदाह किंवा गर्भाशयाचा दाह अंगात भिनलेला असू शकतो, आणि अशा गायीचे हृदय आधीच दुबळे झालेले असल्याने शिरेतून दिलेले कॅल्शियम तिला सोसत नाही.

कृष्णाकाठचा_गोठा

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. वाचून खरेच सुन्न झालो, कारण मी हे सर्व काळजीपोटी करत होतो. मग पुढच्या गायीचे कॅल्शियम आजच बंद करू का? आणि खनिज मिश्रणही बंद करायचे का?

फलटणची_दूधवाली

डॉक्टरसाहेब सविस्तर लिहितीलच, तोपर्यंत आमचा अनुभव सांगते. आमच्याकडे चौदा गायी आहेत आणि मी पाच वर्षांपासून प्रत्येक गायीची वही ठेवते. सुरुवातीच्या दोन वर्षांत आमच्या पाच गायी बसल्या आणि पाचही गायी जानेवारी ते मार्च या काळात व्यालेल्या होत्या. ऊसतोडीचा हंगाम म्हणजे आमच्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ फक्त उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते स्वस्त पडते, तोडकऱ्यांकडून मोळ्या दारात मिळतात, आणि त्यामुळे कडबा वाचतो म्हणून घरातले सगळे खूश असायचे. तेव्हा आमच्या पशुवैद्यांनी समजावले की वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असते, ते पोटात कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. म्हणजे आपण घमेल्यात टाकलेले खनिज मिश्रण गायीला लागण्याआधीच वाया जाते.

आता आम्ही वाढे पूर्ण बंद केलेले नाहीत, ते परवडणारही नाही, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कधी देत नाही. कुट्टी करून ज्वारीच्या कडब्यात मिसळतो, दुभत्या गायींच्या वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतो, आणि वाढे सुरू करताना एकदम न देता आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवतो. गाभण गायीला शेवटच्या महिन्यात वाढे अजिबात नाहीत. वहीत पाहिले तर गेल्या तीन हंगामांत एकच गाय बसली आहे.

तासगाव_तरुण_शेतकरी

ताई, एक शंका आहे. डॉक्टर म्हणतात की व्यायच्या आधी कॅल्शियम कमी मिळालेले बरे, आणि तुम्ही म्हणता की वाढ्यांमुळे कॅल्शियम वाया जाते म्हणून ते वाईट. मग शेवटच्या महिन्यात वाढे घातले तर आपोआप कॅल्शियम कमी मिळून ग्रंथी जागी राहील, असे नाही का? मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

पशुवैद्य_कराड

शंका अतिशय तर्कशुद्ध आहे, म्हणून आधी तिचे उत्तर देतो. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांपुरते कॅल्शियम मर्यादित ठेवणे ही एक गोष्ट आणि महिनोन् महिने वाढ्यांमुळे हाडांतला साठाच रिता होणे ही दुसरी गोष्ट. दुभत्या काळात हाडांतून गेलेले कॅल्शियम भरून यायला जी संधी असते तीच वाढे हिरावून घेतात. शिवाय ऑक्झलेट मॅग्नेशियमलाही बांधते, आणि मॅग्नेशियम कमी असले तर ग्रंथीचे संप्रेरक रक्तात येऊनही हाडांवर आणि मूत्रपिंडावर त्याचा प्रभाव पडत नाही. तिसरे म्हणजे वाढे, नेपियर, भरपूर खत-पाण्यावर वाढलेला हिरवा चारा यांत पोटॅश जास्त असते. पोटॅशमुळे रक्ताचा कल अल्कधर्मी बाजूला झुकतो आणि त्या स्थितीत हाडे संप्रेरकाचे ऐकत नाहीत. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत गाभण गायीसाठी कडबा, मक्याचा मुरघास आणि बेताचा खुराक हाच आधार ठेवावा. लसूणघास हे एरवी उत्तम खाद्य, पण त्यात कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही भरपूर असल्याने तो या तीन आठवड्यांत टाळून व्याल्यानंतर द्यावा.

आता वाळव्याच्या दादांसाठी. पातळ कॅल्शियम बंद करा. खनिज मिश्रण दुभत्या गायींना रोज पन्नास-साठ ग्रॅम चालूच ठेवा, परंतु व्यायला तीन आठवडे राहिले की कॅल्शियमयुक्त मिश्रण थांबवून भाकड काळासाठी वेगळे मिळणारे मिश्रण वापरा. त्यात मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम क्लोराइड यांसारखे ऋणभारित क्षार असतात, जे रक्ताचा कल किंचित आम्लधर्मी करतात. त्यांची चव कडवट असल्याने गाय खुराक सोडते, म्हणून ते थोडे थोडे करून पेंडीत मिसळावे लागतात, आणि ते लागू पडत आहेत की नाही हे लघवीच्या सामूवरून (पीएच) तपासता येते. तो साधारण सहा ते सातच्या दरम्यान यावा. ज्या गायीला मागच्या वेताला हा त्रास झाला आहे तिला ड-३ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन व्यायच्या आधी दोन ते आठ दिवसांच्या अवधीत देता येते. मात्र तारीख चुकली म्हणून पुन:पुन्हा टोचत राहिले तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून गाय कायमची अधू होते. भरवलेल्या तारखेची नोंद नसेल तर या इंजेक्शनाच्या वाटेला जाऊ नये.

तासगाव_तरुण_शेतकरी

आता माझ्या अडचणीकडे येतो. आमची वाडी मुख्य रस्त्यापासून आत आहे आणि रात्री-अपरात्री डॉक्टर मिळणे कठीण जाते. मेडिकलमध्ये कॅल्शियमची बाटली आणि सलाईनचा सेट सहज मिळतो. गावात एक-दोन जण शिरेतून लावतात आणि त्यांच्या हातून पुष्कळ गायी उठल्याही आहेत. मी स्वत: शिकून घेतले तर काय हरकत आहे?

कृष्णाकाठचा_गोठा

दादा, याचे उत्तर मी देतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. चार वर्षांपूर्वी आमची बावीस लिटरची गाय अशीच बसली. डॉक्टर दुसऱ्या गावात होते, म्हणून एका अनुभवी माणसाला बोलावले. त्याच्यावर माझा आजही राग नाही, तो मदतीलाच आला होता. थंडीचे दिवस होते, बाटली तशीच गार होती, सुई मानेच्या शिरेत घातली आणि गाय लवकर उठावी म्हणून बाटली उंच धरून पाच मिनिटांत मोकळी केली. गायीने एकदा जोराने श्वास घेतला, पाय ताणले आणि आमच्या डोळ्यांदेखत गेली. माझी आई त्या गायीला स्वत:च्या हाताने भाकरी घालायची. त्यानंतर कितीतरी दिवस ती गोठ्यात आलीच नाही.

पशुवैद्य_कराड

दादा, आपण हे लिहिलेत याबद्दल मी ऋणी आहे, कारण माझ्या दहा वाक्यांपेक्षा हे अधिक परिणाम करील.

असे का घडले ते सांगतो. हृदयाचा प्रत्येक ठोका कॅल्शियमच्या प्रमाणावर चालतो. रक्तात ते कमी असताना हृदय क्षीण आणि जलद चालते. शिरेतून एकदम जास्त गेले की ठोके आधी मंदावतात, मग अनियमित होतात आणि शेवटी हृदय आकसून थांबते. ४५० मिलीच्या बाटलीत, द्रावण पंचवीस टक्के कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे (शिरेतून द्यायचा कॅल्शियमचा क्षार) असेल तर, साधारण आठ ग्रॅम कॅल्शियम असते. रक्तातील एकूण साठा तीन ग्रॅम असताना हे आठ ग्रॅम पाच मिनिटांत थेट हृदयाकडे जाणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. आम्ही बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून शरीराच्या तापमानाला आणतो, पंधरा-वीस मिनिटे लावून सोडतो आणि तेवढा वेळ दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीवर धरून ठोके ऐकतो. ठोका चुकला की थेंब थांबवतो. ही ऐकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हातून शंभर गायी उठल्या तरी एकशेएकावी केव्हा जाईल हे सांगता येत नाही. म्हणून शिरेतून देण्याचे काम शिकून घेण्याची इच्छा कितीही प्रामाणिक असली तरी मी आपल्याला त्यास संमती देणार नाही.

काही जण शिरेची भीती म्हणून तीच बाटली मांसात टोचतात. तसे केल्याने तेथील मांस सडते. कातडीखाली देण्याची पद्धत आहे, त्यात हृदयाला धोका पुष्कळ कमी असतो, पण तीही एका जागी पूर्ण बाटली ओतण्याची नव्हे, निरनिराळ्या जागी थोडी थोडी विभागून देण्याची आहे. ज्या बाटलीत डेक्स्ट्रोजही मिसळलेले असते ती कातडीखाली देऊ नये, कारण तेथे मोठे गळू धरते. गायीचे अंग फार थंड पडलेले असेल तर कातडीखालचे औषध रक्तात पोहोचतही नाही. कॅल्शियमच्या बाटलीत खाण्याच्या सोड्याचे इंजेक्शन किंवा टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळण्याची चूकही मी पाहिली आहे. सोड्याबरोबर साका तयार होतो आणि तो शिरेत जाणे घातक असते.

मग डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी काय करावे? गाय कुशीवर आडवी पडली असेल तर तिला छातीवर बसती करावी आणि दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्यांचा किंवा पोत्यांचा टेकू द्यावा, कारण आडव्या गायीचे पोट फुगते आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाते. खाली पाचट किंवा उसाचे चिपाड जाड अंथरावे, फरशीवर ठेवू नये. दर दोन-तीन तासांनी तिची बाजू बदलावी, नाहीतर खालच्या पायाचे स्नायू दबून मरतात आणि कॅल्शियम मिळाल्यावरही ती उठत नाही. धार काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, बसलेल्या, मान टाकलेल्या गायीच्या तोंडात बाटलीने काहीही ओतू नये, मग ते कॅल्शियम असो, गुळाचे पाणी असो की तेल. तिला गिळण्याची शक्ती नसते आणि ओतलेले फुप्फुसात जाते. दुग्धज्वरातून उठलेल्या गायी त्यानंतर आठवड्याने न्यूमोनियाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

तोंडावाटे द्यायच्या कॅल्शियम जेलची गोष्ट वेगळी. उभ्या, व्यवस्थित गिळणाऱ्या गायीला व्याल्यानंतर लगेच एक नळी आणि बारा तासांनी दुसरी, असे दिल्यास तिसऱ्या वेतापुढच्या गायींना चांगला आधार मिळतो. कॅल्शियम क्लोराइड लवकर शोषले जाते, पण ते दाहक असते आणि वारंवार दिल्यास तोंड-घसा सोलवटतो. प्रोपिओनेट सौम्य असते आणि त्यातून थोडी ऊर्जाही मिळते. रोज पाजण्याच्या पातळ टॉनिकचा यासाठी उपयोग होत नाही. ते आणीबाणीत पुरेसे वेगाने शोषले जात नाही.

पलूसकर_म्हैसपालक

माझाही एक प्रश्न याच विषयातला आहे. आमची म्हैस व्याल्यानंतर वीस दिवसांनी कॉफीसारखी गडद लाल लघवी करू लागली. त्याआधी महिनाभर ती दावणीची लाकडे चावत होती आणि एकदा तर वाळत घातलेला टॉवेल तिने चघळला. शेजाऱ्यांनी कॅल्शियमची कमतरता सांगितली म्हणून आम्ही दोन दिवस कॅल्शियम दिले, पण फरक पडला नाही.

पशुवैद्य_कराड

आजच डॉक्टरांना बोलवा, उद्यावर टाकू नका. लाकूड, कापड, माती, हाडे चघळणे आणि व्याल्यानंतर लघवी लाल होणे ही म्हशीत बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेची खूण असते. फॉस्फरस कमी पडला की रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारातही लघवी लाल होते, पण त्यात बहुतेक वेळा ताप असतो, म्हणून रक्त तपासून खात्री करावी. कॅल्शियम देत राहिल्याने हे भरून येत नाही, कारण ही दोन खनिजे खाद्यात साधारण दोनास एक या प्रमाणात असावी लागतात आणि एकच वाढवले तर दुसऱ्याचे शोषण घटते. नुसत्या चुन्यावर विसंबणाऱ्या गोठ्यांत हेच होते, चुन्यात फॉस्फरस मुळीच नसतो. डायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये दोन्ही असतात. खनिज मिश्रणाचे पोते घेताना त्यावर आयएस १६६४ हे मानक आणि घटकांचे प्रमाण छापलेले आहे का, हे पाहून घ्यावे.

पलूसकर_म्हैसपालक

डॉक्टर येऊन गेले. तपासणीत गोचिडांचा आजार नाही, फॉस्फरसचे इंजेक्शन शिरेतून दिले आहे आणि आणखी तीन दिवस द्यायचे आहे. लघवीचा रंग संध्याकाळी थोडा फिका वाटला. खूप आभारी आहे.

माणदेशी_मेंढपाळ

आमच्याकडे खिल्लार गाय आहे, ती कधीच बसली नाही, तिचे दूधही तेवढे नाही. पण मेंढ्या लांबच्या चालीनंतर व्यायच्या आधीच कोसळतात. तोही हाच आजार का?

पशुवैद्य_कराड

असू शकतो. मेंढीत आणि शेळीत कॅल्शियम बहुधा व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत कमी पडते, विशेषत: पोटात दोन कोकरे असतील आणि चाल, उपास किंवा हवामानाचा ताण पडला असेल तर. मात्र त्याच दिवसांत ऊर्जा कमी पडून होणारा गाभणपणातील विषबाधेचा आजारही तसाच दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. गाभण मेंढ्यांना शेवटच्या महिन्यात लांबच्या चालीवर नेणे टाळता आले तर टाळा, आणि एकाच कळपात दोन-तीन मेंढ्या पडल्या तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात रक्ताच्या तपासणीबाबत विचारा.

कृष्णाकाठचा_गोठा

सहा आठवड्यांनी लिहीत आहे. दुसरी गाय परवा व्याली, पाचवे वेत. पातळ कॅल्शियम त्याच दिवशी बंद केले होते, शेवटचे तीन आठवडे कडबा, मुरघास आणि कडवट क्षार मिसळलेली पेंड दिली. पहिले चार दिवस तिने अर्धा खुराक टाकला, तेव्हा मन डगमगले, पण गूळ न घालता नेटाने थोडे थोडे वाढवले. व्याल्यावर उभी असतानाच एक नळी जेल दिले, बारा तासांनी दुसरी. पहिल्या दिवशी वासराला पुरेल इतका आणि कास मऊ पडेल इतकाच चीक काढला, पूर्ण कास तिसऱ्या दिवसापासून मोकळी करतो आहे. कान रात्री दर दोन तासांनी हात लावून पाहिले, गरम होते. आज सकाळी सतरा लिटर दूध निघाले, आणि आई बऱ्याच दिवसांनी भाकरी घेऊन गोठ्यात आली होती.